सोमवारी दहाला घेतलेली टेस्ट

माझ्या कामातला निम्मा वेळ वाट पाहण्यात गेला. कॉम्प्युटरला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर किती सेकंदांनी आलं ते लिहून घ्यायचं. मग तोच प्रश्न एकाच वेळी पाचशे माणसांनी विचारल्यासारखा करायचा, मग दोन हजारांनी, आणि उत्तर कुठे अडखळायला लागतं ते पाहायचं. भोपाळमध्ये राहून मी आयुष्यभर हेच केलं. नातेवाईक विचारतात, "म्हणजे तू बनवतोस काय?" मी काहीच बनवत नाही. दुसऱ्यानं बनवलेलं किती ओझं पेलेल ते सांगतो आणि खाली सही करतो. माझं सगळं काम त्या एका सहीत असतं.

संपादकांनी सांगितलं, तुमच्या क्षेत्रातल्या गमतीजमती लिहा. एक गंमत आहे, ती आधी सांगतो. पुढचं गमतीचं नाही, पण लिहायचं ठरवलं तेव्हा तेच लिहायचं होतं.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. वडील संत्र्यांच्या पेट्या ठोकायचे. मराठी शाळा, मग सरकारी वसतिगृहात राहून कॉलेज. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवी पाहिलेली नव्हती. नोकरीच्या मुलाखतीला भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या ऑफिसात गेलो तेव्हा इंग्रजीत पहिलं वाक्य बोलतानाच घशाला कोरड पडली. समोर कंपनीचे प्रमुख वझलवार साहेब होते, मूळ नागपूरचे. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि मराठीत म्हणाले, "इंग्रजी येईल रे. आकडे वाचता येतात ना?" मी म्हटलं, येतात. "खोटे आकडे ओळखता येतात?" मी म्हटलं, शिकवाल तर येतील. त्या दोन उत्तरांवर मला नोकरी मिळाली. कोलार रोडवरचं माझं घर, मुलीचं शिक्षण, सगळं त्या टेबलावरून आलं. हे मी आजही मनापासून लिहितो आहे. पुढे जे लिहीन त्यानं हे खोटं ठरत नाही.

आता कामातली एक गोष्ट समजावून सांगायला हवी. पूर्वी एका कामाला एक मशीन असे. मग एका मोठ्या मशीनचे वीस भाग पाडायची पद्धत आली. प्रत्येक भागाला वाटतं की आपण स्वतंत्र मशीन आहोत. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुना बंगला खोल्या पाडून भाड्यानं द्यावा, तसं. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा दरवाजा, स्वतःचा नळ, पण गच्चीवरची टाकी एकच. सगळ्यांनी एकदम नळ सोडला की कोणाची तरी बादली अर्धी राहते. आणि ज्याची राहते त्याला घरात बसून कळत नाही की पाणी कुठे गेलं.

आता ती गंमत. एका खात्याचे बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून होते, सक्सेनाजी. त्यांच्या नोंदी कागदावरून कॉम्प्युटरवर आल्या आणि आम्ही टेस्टचा रिपोर्ट घेऊन गेलो: उत्तर दोन सेकंदांत येतं. सक्सेनाजींनी मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"चलाइए."

चालवलं. सक्सेनाजी म्हणाले, "साढ़े तीन."

"सर, मशीन दो बता रही है," मी म्हणालो.

"मशीन को बताने दीजिए. मेरी घड़ी चाबी से चलती है, किसी से माँगकर नहीं चलती."

आम्ही हसलो. माझ्याबरोबरचे लोक परतताना गाडीत त्यांची नक्कल करत होते. मला मात्र चैन पडेना, म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मनगटी घड्याळावर मोजलं. साडेतीन. मग उलगडलं. आम्ही वेळ मोजत होतो त्या व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या घड्याळावर. शेजारच्या बिऱ्हाडाची पाळी चालू असली की आमचं मशीन गोठायचं, आणि गोठलेल्या वेळात त्याचं घड्याळही पुढे सरकायचं नाही. जागं झाल्यावर ते प्रामाणिकपणे सांगायचं, दोन सेकंद झाले. मी पेढे घेऊन सक्सेनाजींकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला आणि विचारलं, "अब हँसेंगे?" तेव्हापासून मी वेळ नेहमी बाहेरून, वेगळ्या मशीनवरून मोजली. ऑफिसात सगळ्यांना शिकवलं. वझलवार साहेबांनी पाठ थोपटली.

या प्रसंगानं मी जरा जास्तच शहाणा झालो. शेजाऱ्यांमुळे आकडा बिघडतो, तर शेजारी नकोतच, असं मी ठरवलं. शाळेत विज्ञानाच्या सरांनी शिकवलं होतं, प्रयोगाची परीक्षानळी स्वच्छ हवी, नाहीतर उत्तर कशाचं आलं ते कळत नाही. मी ते मनावर घेतलेला विद्यार्थी. टेस्टच्या आधी मशीनघरात फोन करायचा: "दुबेजी, शनिवार को खाली कर दीजिए." दुबेजी बाकीची बिऱ्हाडं दुसऱ्या मोठ्या मशीनवर हलवायचे. रिकाम्या बंगल्यात आमचं एकच मशीन. टेस्ट तीनदा घेतली तर तिन्ही वेळा तोच आकडा. माझा नियमच होता, जो आकडा तीनदा सारखा येत नाही तो आकडा नाही. नव्या लोकांना मी हे फळ्यावर लिहून दाखवायचो. रिपोर्टच्या शेवटी एक छापील ओळ असायची: चाचणीची परिस्थिती प्रत्यक्ष वापराशी मिळतीजुळती होती. तिच्याखाली माझी सही. त्या ओळीवर मी कधी थांबलो नाही.

थांबायला लावलं ते नसीमभाईंनी.

नसीमभाई एका खात्याचा डेटाबेस सांभाळायचे, म्हणजे जिथे सगळ्या नोंदी साठतात त्याची रोजची देखभाल. नोकरी कंत्राटी, दर वर्षी नवा कागद. जुन्या भोपाळचा माणूस, बोलणंही तिथलं, समोरच्या प्रत्येकाला 'खाँ' म्हणायचे. आमची टेस्ट असली की डबा एकत्र खायचो. माझ्या बायकोच्या पाटवड्या त्यांना आवडायच्या; एकदा डब्यात नव्हत्या तर म्हणाले, "आज टेस्ट फ़ेल है खाँ, घर जाओ."

त्या खात्याचं वसतिगृह प्रवेशाचं काम ऑनलाइन होणार होतं. लहान गावांतली मुलं शहरात शिकायला येतात, त्यांना सरकारी वसतिगृहात जागा. ज्याचा अर्ज आधी पोचेल त्याला आधी जागा, असा नियम केला होता. एका सोमवारी सकाळी दहाला खिडकी उघडायची होती. एकाच क्षणी हजारो मुलं. टेस्ट माझ्याकडे आली. मी स्वतः अशाच वसतिगृहाच्या पत्र्याच्या खोलीत राहून शिकलो होतो, त्यामुळे हे काम मिळालं याचा आनंद झाला. शनिवारी मशीन रिकामं करून घेतलं. तीन टेस्ट, तिन्ही वेळा दोन सेकंद.

नसीमभाई शेजारी बसून होते. म्हणाले, "को खाँ, ये किसका इम्तिहान ले रिये हो?"

"सर्व्हर का."

"सर्व्हर का नहीं, शनिवार का ले रिये हो. सोमवार को दस बजे सारे दफ़्तर खुलते हैं. हाज़िरी वाली मशीन इसी पे है, डाक वाली इसी पे है. सबका नल एक साथ खुलेगा. तब देखो."

"तब तो आंकड़ा हर बार अलग आएगा. उसका क्या मतलब?"

"मतलब ये कि हर बार अलग आएगा," ते म्हणाले. "और क्या मतलब होता है?"

त्यांनी स्वतः खात्यात खटपट करून परवानगी मिळवली. उद्घाटनाच्या आधीच्या सोमवारी दहा ते साडेदहा, कोणतंही बिऱ्हाड न हलवता. मी गेलो. ते त्यांच्या टेबलावर डेटाबेसकडे लक्ष ठेवून बसले, मी माझ्या लॅपटॉपवर. तीनदा चालवलं. तीन वेगळे आकडे आले, आणि एकही धड नव्हता. मशीनच्या आत एक रकाना असतो, त्याचं नावच चोरी असं आहे: तुमच्या वाट्याचा किती वेळ शेजाऱ्यानं नेला ते तो दाखवतो. शनिवारी तो रिकामा होता, त्या दिवशी भरून वाहत होता.

नसीमभाईंनी पलीकडून विचारलं, "कितना आया?"

मी लॅपटॉप मिटत म्हणालो, "रिपोर्ट में देख लेना."

ऑफिसात येऊन तिन्ही आकडे वझलवार साहेबांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिले. आकडे समजणारा माणूस होता तो. न समजून त्यांनी काही केलं असं मी म्हणू शकत नाही.

"गजानन, हे तीन वेगळे का आले?"

"शेजारची मशीनं चालू होती, साहेब. त्या दिवशीही असतील."

"असतील. पण उद्या क्लायंटनं पुन्हा टेस्ट घेतली तर चौथाच आकडा येईल. मग तो म्हणेल, यांना मोजताच येत नाही." मग म्हणाले, "तूच फळ्यावर लिहितोस ना, तीनदा सारखा येत नाही तो आकडा नाही?"

"हो."

"मग हा आकडा आहे का?"

मी म्हणालो, नाही.

"झालं तर. आणि तो चोरीचा रकाना काढून टाक. खात्याच्या लोकांना शब्द वाचूनच भलतं वाटेल."

त्यांनी धमकावलं नाही. आवाजही चढवला नाही. माझ्याच नियमानं मला पटवलं आणि मी पटवून घेतलं, कारण पटवून घेणं सोपं होतं. शनिवारचा रिपोर्ट गेला. मिळतीजुळती परिस्थिती, खाली माझी सही.

उद्घाटनाच्या सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी सगळं अडकलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. शहरातल्या मुलांनी चार चार फोनांवरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करून अर्ज घुसवले. तालुक्याच्या गावात एकुलत्या एका दुकानापुढे रांगेत उभी असलेली मुलं रांगेतच राहिली. संध्याकाळपर्यंत शहरातल्या वसतिगृहांच्या जागा भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला: एक मुलगी, हातात कागदांची पिशवी, बंद शटरसमोर. तो फोटो मी घरातल्या कोणाला दाखवला नाही. वर्तमानपत्र रद्दीत खाली सरकवलं.

खात्यानं चौकशी लावली. तीन अधिकाऱ्यांपुढे प्रश्न एकच होता, चूक कोणाची. रिपोर्ट म्हणत होता की सर्व्हर ओझं पेलतो. मग उरला डेटाबेस, आणि डेटाबेस सांभाळणारा माणूस. कंत्राट त्याच महिन्यात नवं व्हायचं होतं. नसीमभाईंची नोकरी त्या खोलीत ठरणार हे तिथे चहा देणाऱ्यालाही माहीत होतं.

जाताना गाडीत वझलवार साहेब म्हणाले, "आपल्याकडे साठ माणसं आहेत, गजानन. खोटं बोलू नकोस. विचारलं तेवढंच बोल."

नसीमभाई आधीच आत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पुढ्यात एक पातळ फाइल. त्यांनी सरळ सांगितलं, "साहब, सोमवार को भी टेस्ट हुआ था. उसमें मशीन बैठ गई थी. बीस सेकंड के आसपास गया होगा."

अध्यक्ष म्हणाले, "होगा? अंदाज़ से मत बोलिए. काग़ज़ है?"

"काग़ज़ इनके पास है."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, "गजाननजी, ऐसा कोई टेस्ट हुआ था?"

मी म्हणालो, "वो टेस्ट नहीं था, सर. ऐसे ही चलाकर देखा था. आंकड़े हर बार अलग थे. ऐसे नतीजे को हमारे यहाँ नतीजा नहीं मानते."

"समय कितना आया था?"

"पक्का नहीं कह सकता, सर."

तिन्ही आकडे मला पाठ होते. दशांश चिन्हापुढचेही.

नसीमभाई माझ्याकडे वळले. "को खाँ..." एवढंच म्हणाले आणि थांबले. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर मी बोललो असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. त्यांनी फाइल बंद केली आणि तिच्यावर हात ठेवून बसून राहिले. एक अधिकारी हसून दुसऱ्याला म्हणाला, "बीस सेकंड! बीस मिनट भी बोल देते."

निष्कर्ष आला: डेटाबेसच्या देखभालीत हलगर्जी. नसीमभाईंचा पुढचा कागद निघाला नाही, आणि असा शेरा असलेल्या माणसाला शहरातल्या दुसऱ्या कोणत्या खात्यात घेईनात. आमच्या कंपनीला त्याच खात्याचं पुढचं काम मिळालं. मोठ्या मशीनवरची चार बिऱ्हाडं गुपचूप हलवली गेली आणि पुढच्या वर्षी सगळं दोन सेकंदांत चाललं. म्हणजे दुखणं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या फळ्यावरचं वाक्य मी पुसलं. पण त्या जागी दुसरं काय लिहायचं ते सुचेना, म्हणून नव्या लोकांना शिकवणंच बंद केलं. सोमवारच्या टेस्टची फाइल मात्र प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर बरोबर नेत राहिलो. का, ते विचाराल तर सांगता येणार नाही. दाखवणार तर कोणालाच नव्हतो. वझलवार साहेब आता मुलाकडे असतात. दसऱ्याला मी फोन करतो, ते अजून "इंग्रजी सुधारलं का?" म्हणून चेष्टा करतात आणि मी हसतो. त्यांच्यावर राग धरता आला असता तर फार बरं झालं असतं. ज्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला त्याच्यावर कसा धरू? आणि धरला तरी सही त्यांची नव्हती.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. निरोप समारंभात कोणीतरी म्हणालं की गजाननजींच्या रिपोर्टवर कधी बोट ठेवता आलं नाही. टाळ्या झाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात दुबेजींना फोन करून मी नसीमभाईंचा पत्ता विचारला. जहांगीराबादेत त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. सकाळी अकराला गेलो. आठ-दहा मुलं हातात नंबराची चिठ्ठी घेऊन बाकावर बसली होती. भिंतीवर वसतिगृह, शिष्यवृत्ती अशा अर्जांची हातानं लिहिलेली पाटी: छात्रावास, छात्रवृत्ति, आधार. नसीमभाईंची दाढी पांढरी झाली होती. त्यांनी मला पाहिलं, समोरच्या मुलाचा फॉर्म पूर्ण केला, त्याला पावती दिली आणि मग मला म्हणाले, "बैठो."

मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसलो. घरून निघताना बरंच ठरवलं होतं. त्यातलं अर्धं वाक्य तोंडातून आलं तोच त्यांनी हात वर केला.

"माफ़ी-वाफ़ी नहीं, गजानन भाई. बच्चे लाइन में हैं. एक बात बताओ. उस सोमवार को कितना आया था?"

"आपको नहीं पता?"

"तुमने कहा था रिपोर्ट में देख लेना. रिपोर्ट में था नहीं."

मी सांगितलं. "छह. इक्कीस. ग्यारह."

"इक्कीस," ते म्हणाले. "मैंने बीस कहा था." मग टेबलावरचा एक कोरा कागद उचलून माझ्यापुढे ठेवला. "लिख दो."

"खात्याला पत्र लिहू का, मी टाइप करून..." घाईत मी मराठीतच बोललो. त्यांना ते कळलं.

"महकमे को क्या करना है अब? इस पे लिखो. और हिंदी में लिखना. अंग्रेज़ी में लिखोगे तो घर में मुझी को पढ़ के सुनाना पड़ेगा, और मेरे पढ़े पे उनको यक़ीन नहीं है."

मी वर पाहिलं. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "अफ़सरों की बात छोड़ो. हमारी बेगम भी यही समझती हैं कि हमसे ग़लती हुई थी. बच्चे भी. कहते नहीं हैं."

मी लिहिलं. टेस्ट कुठे झाली, कोणी घेतली, तिन्ही आकडे. खाली सही केली, आजची तारीख घातली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"वक़्त नहीं लिखा."

मी लिहिलं, सुबह दस बजे.

"और ख़ाली मशीन पे कितना था? वो भी लिखो. नहीं तो घर में पूछेंगे, इक्कीस ज़्यादा होता है कि कम."

मी लिहिलं, दो. त्यांनी कागद घेतला, चौघडी केली आणि खणात न ठेवता शर्टाच्या खिशात घातला. मग त्यांनी मान वळवून बाकाकडे पाहिलं.

"छब्बीस नंबर," त्यांनी हाक मारली. एक मुलगी चिठ्ठी दाखवत पुढे आली आणि माझ्या खुर्चीजवळ उभी राहिली. मी उठलो.